मेंदू-वैविध्याच्या संज्ञा आणि सीमाभागातील विद्यार्थी : एक संकल्पनात्मक विवेचन

प्रस्तावना

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या पट्ट्यात मराठी ही घराची भाषा आहे, तर हिंदी ही शाळेची आणि कचेरीची. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूरसह विदर्भाचे जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून वेगळे काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावरील तिगाव हे याच भागातील गाव. येथील मूल घरी वऱ्हाडी वळणाची मराठी, पवारी किंवा गोंडी बोलते आणि शाळेत हिंदी पुस्तके वाचते. मुस्लिम कुटुंबातील मूल असेल तर मकतबात उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या अरबी-उर्दू लिपीशीही त्याची ओळख होते. महाविद्यालयात आले की यात इंग्रजीची भर पडते.

अशा वातावरणात शिकलेला विद्यार्थी वर्गात वाचताना अडखळला, लिहिताना वारंवार चुकला किंवा सांगितलेले काम अर्धवट सोडू लागला, तर शिक्षक त्याचे कारण काय समजतात, हा साधा वाटणारा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. कारण तीन निरनिराळ्या गोष्टी वरून सारख्या दिसतात. एक, विद्यार्थ्याची घरची भाषा शिक्षणाच्या भाषेत उतरते आहे. दोन, त्याला शाळेत नीट शिकवलेच गेलेले नाही. तीन, त्याच्या मेंदूची वाचण्याची, लक्ष देण्याची किंवा माणसांशी संवाद साधण्याची रीत इतरांपेक्षा वेगळी आहे. या तिघांनाही 'कच्चा', 'ढ', 'मंद' या एकाच शब्दात बसवले जाते. परिणामी ज्याला केवळ भाषेचा सराव हवा होता त्याच्यावर अपंगत्वाचा शिक्का बसतो आणि ज्याला खरोखर सवलतीचा हक्क आहे त्याची अडचण 'खेड्यातला मुलगा, हिंदी कच्ची' या सबबीखाली वर्षानुवर्षे दडून राहते.

कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकांसमोर येणारा विद्यार्थी बहुधा सतरा-अठरा वर्षांचा किंवा त्याहून मोठा असतो. काहींचे शिक्षण मध्येच सुटलेले असते. त्यांच्याबाबत शाळेने जे नाव ठेवले ते त्यांनी स्वतःही मान्य केलेले असते. म्हणून न्यूरोडायव्हर्सिटीशी संबंधित संज्ञांचा नेमका अर्थ, त्यांतील परस्परभेद आणि सीमाभागातील द्विभाषिक वर्गात त्या वापरताना घ्यावयाची काळजी यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. संज्ञेचा उगम

'न्यूरोडायव्हर्सिटी' या शब्दासाठी मराठीत अद्याप एकच सर्वमान्य प्रतिशब्द रूढ झालेला नाही. येथे सोयीसाठी 'मेंदू-वैविध्य' हा शब्द वापरला आहे. ही कल्पना १९९० च्या दशकात मुख्यतः स्वमग्न व्यक्तींच्या आपापसांतील विचारविनिमयातून पुढे आली. ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्राच्या अभ्यासक जुडी सिंगर यांनी १९९८ च्या आपल्या प्रबंधात हा शब्द वापरला आणि त्याच वर्षी अमेरिकन पत्रकार हार्वी ब्लूम यांनी 'द अटलांटिक' या नियतकालिकातून तो वाचकांपुढे आणला. बराच काळ या शब्दाचे श्रेय एकट्या सिंगर यांना दिले जात असे. परंतु ही कल्पना अनेक स्वमग्न व्यक्तींनी मिळून घडवली, असे अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

जैवविविधता या शब्दाच्या धर्तीवर हा शब्द बनला आहे. त्यामागील विचार थोडक्यात असा : सर्व माणसांचे मेंदू एकाच साच्याचे नसतात, लक्ष देणे, वाचणे, आवाज सहन करणे, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे या बाबतींत माणसामाणसांत स्वाभाविक फरक असतो आणि प्रत्येक फरक हा रोगच आहे असे मानण्याचे कारण नाही. पांढुर्णा-सौंसर भागातील शेतकऱ्याला हे सहज कळेल. पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत संत्र्याची बाग टिकत नाही, पण त्यावरून ती जमीन नापीक ठरत नाही. तिच्यात गहू-हरभरा चांगला येतो. विद्यार्थ्याची अडचण ही पुष्कळदा त्याची एकट्याची नसून तो आणि त्याच्याभोवतीची व्यवस्था यांच्यातील अमेळाची असते. अपंगत्वाच्या अभ्यासात यालाच सामाजिक प्रतिमान म्हणतात. अडचण पूर्णतः व्यक्तीच्या शरीरात आहे असे मानणारे ते वैद्यकीय प्रतिमान.

२. मूलभूत संज्ञा आणि त्यांतील भेद

न्यूरोडायव्हर्स आणि न्यूरोडायव्हर्जंट. या दोन शब्दांची नेहमी गल्लत होते. वैविध्य हे समूहाचे असते, एकट्याचे नव्हे. चाळीस विद्यार्थ्यांचा वर्ग न्यूरोडायव्हर्स असतो. प्रत्येक वर्ग तसा असतोच. ज्या एका विद्यार्थ्याच्या मेंदूची रीत बहुसंख्यांपेक्षा वेगळी आहे त्याला न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. हा दुसरा शब्द अमेरिकेतील कासियान असासुमासू यांनी इ. स. २००० च्या सुमारास प्रचारात आणला. बहुसंख्यांच्या रीतीला न्यूरोटिपिकल असे नाव आहे. यांपैकी कोणताही शब्द वैद्यकीय निदान नाही आणि कोणत्याही प्रमाणपत्रावर तो लिहिला जात नाही, हे शिक्षकांनी लक्षात ठेवावे.

स्वमग्नता. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अमेरिकेत आणि १९४४ मध्ये हान्स आस्पर्गर यांनी व्हिएन्नात केलेल्या वर्णनांपासून ही संज्ञा वैद्यकात स्थिरावली. पुढे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लोर्ना विंग यांच्या कामातून स्पेक्ट्रम, म्हणजे वर्णपट, ही कल्पना आली. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत 'आस्पर्गर' हे वेगळे निदान रद्द होऊन सर्व प्रकार एका वर्णपटाखाली आले. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली अकरावी वर्गीकरण-सूचीही याच मार्गाने जाते. संवादातील वेगळेपण, ठरावीक क्रमाची व विषयांची ओढ आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांबाबतची कमी-अधिक संवेदनशीलता ही स्वमग्नतेची प्रमुख अंगे आहेत. वर्णपट म्हणजे 'सौम्य ते तीव्र' अशी सरळ रेषा नव्हे. एखादा विद्यार्थी अस्खलित बोलू शकतो, पण कार्यशाळेतील यंत्राचा आवाज त्याला असह्य होतो. दुसरा फारसे बोलत नाही, पण कामाची पद्धत एकदा पाहिली की अचूक पाळतो.

स्टिमिंग आणि मास्किंग. हात हलवणे, डुलणे, बोटांत वस्तू फिरवणे अशा पुनरावृत्तीच्या हालचालींना स्टिमिंग म्हणतात. त्यांतून मनाचा ताण हलका होतो. त्या बेशिस्त नव्हेत आणि इतरांना त्रास होत नसेल तर थांबवण्याचेही कारण नाही. आपले वेगळेपण लपवून इतरांसारखे वागण्याचा सततचा प्रयत्न म्हणजे मास्किंग, म्हणजे मुखवटा धारण करणे. यात फार शक्ती खर्च होते. मुलींकडून शांत, आज्ञाधारक वागण्याची अपेक्षा अधिक असल्याने त्यांचे वेगळेपण या मुखवट्याआड अनेकदा ओळखूच येत नाही.

दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही, असा जुना समज होता. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असे मांडले की, हा अडथळा दोन्ही बाजूंनी असतो. इतरांनाही स्वमग्न व्यक्तीचे मन तितकेच कळत नाही. सीमाभागातील शिक्षकाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. दोन भाषांच्या लोकांत गैरसमज झाला तर तो एकाचाच दोष नसतो, हे त्याच्या रोजच्या अनुभवाचे आहे.

एडीएचडी. अवधान टिकवण्यातील अडचण, अतिचंचलता आणि उतावळेपणा यांच्याशी संबंधित ही अवस्था आहे. सर्वच एडीएचडी असलेले विद्यार्थी उड्या मारत नाहीत. काही केवळ हरवल्यासारखे बसतात, वेळेचा अंदाज चुकतो, अर्ज भरायची तारीख विसरतात. कामाची आखणी करणे, सुरुवात करणे, क्रम लक्षात ठेवणे या क्षमतांना कार्यकारी क्षमता म्हणतात. 'मनावर घेतले तर करतो' हा शेरा अशा विद्यार्थ्यांच्या वाट्याला नेहमी येतो. प्रत्यक्षात मनावर घेऊनही काम सुरू न होणे हीच त्यांची अडचण असते.

विशिष्ट अध्ययन अक्षमता. बुद्धी सर्वसाधारण असून आणि शिकण्याची संधी मिळूनही वाचन, लेखन किंवा गणित यांत टिकून राहणारी अडचण म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमता. वाचनातील अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनातील अडचणीला डिस्ग्राफिया आणि गणितातील अडचणीला डिस्कॅल्क्युलिया अशी नावे आहेत. हालचालींच्या समन्वयातील अडचणीला डिस्प्रॅक्सिया म्हणतात. भारतीय कायद्याने तिचाही समावेश याच गटात केला आहे. २००७ च्या 'तारे जमीं पर' या चित्रपटाने डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत नेला. मात्र त्यातून एक समजही पसरला की, अशा प्रत्येक मुलात एखादी असामान्य कला दडलेली असते. तसे असतेच असे नाही, आणि सवलत मिळण्यासाठी विद्यार्थ्याने कलावंत असण्याची अटही नाही.

बौद्धिक अक्षमता आणि 'गतिमंद'. पूर्वी 'मतिमंद' म्हणत त्या अवस्थेसाठी आता बौद्धिक अक्षमता ही संज्ञा वापरली जाते. त्यात आकलन आणि दैनंदिन व्यवहार या दोन्हींवर मर्यादा असते आणि ती लहानपणापासून दिसते. 'गतिमंद' हा शब्द ज्यांचा बुद्ध्यंक सरासरीपेक्षा काहीसा कमी आहे, पण जे बौद्धिक अक्षमतेच्या कक्षेत येत नाहीत अशा विद्यार्थ्यांसाठी शाळांतून वापरला जातो. कायद्यात असा स्वतंत्र प्रवर्ग नाही. डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्याला मतिमंद किंवा गतिमंद म्हणणे हे केवळ अपमानास्पद नाही, तर चुकीचेही आहे.

३. एकाच अवस्थेची तीन नावे

पांढुर्णा जिल्ह्यातील कुटुंबासमोर आणखी एक व्यावहारिक अडचण असते. मराठी पुस्तकांत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. हिंदी लेखनात त्याला 'स्वलीनता' म्हणतात. केंद्र सरकारच्या अधिकृत हिंदीत मात्र 'स्वपरायणता' हा शब्द आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाच्या हिंदी नावात तोच आला आहे. तसेच मराठीतील 'अध्ययन अक्षमता' हिंदीत 'अधिगम अक्षमता' होते. नागपूरच्या डॉक्टरांनी मराठीत समजावून सांगितलेली अवस्था आणि हिंदी अर्जावरील प्रवर्ग हे एकच आहेत, हे पालकांना कळेलच असे नाही. महाविद्यालयाने प्रवेशाच्या वेळी या संज्ञांचा एक छोटा त्रैभाषिक तक्ता सूचनाफलकावर लावला तरी अनेकांची सोय होईल. उर्दूभाषक पालकांसाठी त्यातच उर्दू रकाना जोडता येतो.

शब्दांच्या अशा फरकाचे उत्तम उदाहरण 'शिक्षा' हे आहे. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. ज्या मुलाच्या वेगळेपणाला चुकीचे नाव मिळते त्याच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

४. भाषेची चूक की वाचनातील अक्षमता?

सीमाभागातील शिक्षकासाठी हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात; त्यामुळे एका भाषेचे नियम दुसरीत शिरणे फार सोपे असते. काही उदाहरणे पाहू.

मराठी शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचा इकार सामान्यतः दीर्घ लिहितात : कवी, गती. हिंदीत तेच शब्द कवि, गति असे लिहितात. मराठी घरातील विद्यार्थ्याने हिंदी उत्तरपत्रिकेत 'कवी' लिहिले तर तो मराठीचा नियम पाळतो आहे. 'पानी'ऐवजी 'पाणी', 'फल'ऐवजी 'फळ' लिहिणे याच प्रकारात येते. उलट, वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा उच्चार अनेक ठिकाणी 'य' होतो. म्हणून 'डोळा' हा शब्द 'डोया' असा लिहिला गेला, तर ती त्या बोलीची नियमित खूण आहे. या चुका अंदाज करता येण्याजोग्या असतात, विशिष्ट शब्दांतच होतात आणि समजावून सांगितल्यावर हळूहळू कमी होतात.

वाचन-लेखनातील अक्षमतेच्या चुका याहून वेगळ्या असतात. घ आणि ध, भ आणि म यांसारख्या अक्षरांत मोठ्या वयातही गोंधळ होतो. मात्रा गळतात. जोडाक्षर फुटते किंवा त्यातील एक अवयव नाहीसा होतो. ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते, पण उच्चार नंतर होतो. हा क्रम सांभाळणे अशा विद्यार्थ्याला जड जाते. एकच शब्द तो एका पानावर तीन प्रकारे लिहितो. महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही अडचण त्याला येत असलेल्या सर्व भाषांत कमी-अधिक प्रमाणात दिसते. मराठी, हिंदी, उर्दू यांपैकी ज्या ज्या लिपीत तो शिकला आहे त्या प्रत्येकीत ती डोके वर काढते.

देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बऱ्यापैकी पक्का आहे. त्यामुळे डिस्लेक्सिया असलेला विद्यार्थी मोठेपणी मराठी किंवा हिंदी मजकूर बरोबर वाचतो, पण फार सावकाश वाचतो. परीक्षेत त्याचे ज्ञान कमी पडत नाही, वेळ कमी पडतो. हाच विद्यार्थी इंग्रजीकडे वळला की, तेथे स्पेलिंग व उच्चार यांचा मेळ अनियमित असल्याने तो एकदम कोसळल्यासारखा दिसतो. मात्र केवळ इंग्रजीत येणारी अडचण हा अक्षमतेचा पुरावा नव्हे. ग्रामीण शाळेत इंग्रजी पुरेसे शिकवले न जाणे हे तिचे अधिक संभवनीय कारण असते. म्हणून संशय आल्यास प्रथम त्या विद्यार्थ्याला त्याच्या सर्वांत पक्क्या भाषेत एक साधा उतारा वाचावयास द्यावा आणि त्याचा वेग पाहावा.

गणिताबाबतही असाच विवेक हवा. मराठीत २५ ला पंचवीस म्हणतात, म्हणजे लिहिण्यात दोन आधी आणि बोलण्यात पाच आधी. ६९ ला मराठीत एकोणसत्तर आणि हिंदीत उनहत्तर म्हणतात. ही संख्यानामे सर्वच मुलांना जड जातात. याच कारणास्तव २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात दशक आधी उच्चारण्याची पर्यायी पद्धत देण्यात आली आणि त्यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. संख्येचे नाव चुकणे आणि संख्येचे प्रमाणच न उमगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. डिस्कॅल्क्युलियात दुसरी गोष्ट घडते. ८३ आणि ३८ यांत मोठी संख्या कोणती हे अंक लिहून दाखवूनही चटकन कळत नसेल, पैशांचा हिशेब सतत चुकत असेल, तर अधिक तपासणी आवश्यक ठरते.

भारतीय भाषांतील मुलांची पारख केवळ इंग्रजी चाचण्यांनी करणे योग्य नाही, ही जाणीव संशोधकांनाही झाली. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' हा डिस्लेक्सिया-पारख संच प्रसिद्ध केला. तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत तयार झाला. त्यातील प्राथमिक पारख-साधने शालेय मुलांसाठी आहेत. तरी मराठी आणि हिंदी दोन्हींत समांतर पारख होऊ शकते हे तत्त्व पांढुर्णा-सौंसरसारख्या भागासाठी विशेष मोलाचे आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दोन किंवा तीन भाषा शिकल्याने डिस्लेक्सिया किंवा स्वमग्नता निर्माण होत नाही. 'घरी मराठी बंद करा, फक्त हिंदी बोला' असा सल्ला पालकांना दिला जातो. त्याला शास्त्रीय आधार नाही. उलट, आईवडिलांना ज्या भाषेत मोकळेपणाने बोलता येते ती भाषाच घरातून गेली तर मुलाशी होणारा संवादच कमी होतो.

५. कायद्याची चौकट

१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रवर्ग होते. त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांना स्थान नव्हते. स्वमग्नतेची दखल १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने घेतली. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात १९९६ पासून झाली आणि मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयातील अध्ययन अक्षमता चिकित्सालयासारख्या केंद्रांतून प्रमाणपत्रे मिळू लागली. राज्याच्या सीमेपलीकडील मराठी मुलाला मात्र त्या सवलती आपोआप लागू होत नव्हत्या.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने हे चित्र बदलले. या केंद्रीय कायद्यात २१ प्रवर्ग असून त्यांत स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि बौद्धिक अक्षमता यांचा समावेश आहे. तो नरखेडला जितका लागू आहे तितकाच तिगावलाही आहे. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा ४० टक्के किंवा त्याहून अधिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांसाठी राखीव असून प्रवेशाच्या वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट आहे. एडीएचडीचा मात्र या २१ प्रवर्गांत स्वतंत्र उल्लेख नाही. तेथे शिक्षकाच्या समंजसपणावरच बरेचसे अवलंबून राहते.

तपासणीच्या पद्धतीही ठरलेल्या आहेत. स्वमग्नतेसाठी ४० प्रश्नांची भारतीय मापनश्रेणी वापरली जाते. अध्ययन अक्षमतेबाबत २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत वयाच्या ८ वर्षांनंतर प्रमाणपत्र, १४ व्या आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी आणि १८ व्या वर्षी दिलेले प्रमाणपत्र कायमस्वरूपी, अशी तरतूद होती. महाविद्यालयातील विद्यार्थी नेमका याच टप्प्यावर असतो, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे.

४० टक्क्यांची अट सर्वच सवलतींना लागू आहे, असा समज अनेक परीक्षा केंद्रांवर आढळतो. तो बरोबर नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसंबंधीच्या एका प्रकरणात, लेखनाची अडचण असलेल्या उमेदवाराला लेखनिक नाकारण्यासाठी ही अट पुढे करता येणार नाही, असा निर्णय दिला. ४० टक्क्यांचा निकष आरक्षणासाठी आहे, परीक्षेतील सोयीसाठी नव्हे, असे त्याचे तात्पर्य. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्यानुसार ४० टक्क्यांहून कमी अक्षमता असलेल्या उमेदवारांसाठी सूचना काढल्या. केंद्राच्या सूचनांत जादा वेळ तासाला किमान २० मिनिटे धरला आहे.

६. महाविद्यालयीन शिक्षकाची भूमिका

निदान करणे हे शिक्षकाचे काम नाही. 'तुला डिस्लेक्सिया आहे' असे वर्गात किंवा खासगीतही सांगू नये. निरीक्षण करणे, त्याची नोंद ठेवणे आणि योग्य ठिकाणी पाठवणे हे मात्र निश्चितपणे शिक्षकाचे काम आहे. समजा, तिगावहून येणारा एखादा विद्यार्थी वीजतंत्री अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकात पुढे आणि लेखी परीक्षेत नापास असा असेल, तर शिक्षकाने पुढील क्रम ठेवावा. त्याच्या वह्यांतील चुका भाषेच्या आहेत की सर्व भाषांतील आहेत हे पाहावे. शाळा किती बदलल्या, किती वर्षे खंड पडला हे विचारावे. दृष्टी आणि श्रवण यांची तपासणी झाली आहे का याची खात्री करावी. काही आठवडे नीट शिकवूनही फरक पडत नसेल, तर त्याच्याशी आणि त्याच्या इच्छेने पालकांशी बोलून जिल्हा रुग्णालयाकडे पाठवावे.

प्रमाणपत्र येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. सूचना तोंडी देण्याबरोबरच फळ्यावर क्रमाने लिहाव्यात. मोठ्या कामाचे लहान भाग करून प्रत्येक भागाची तारीख द्यावी. सर्वांसमोर अचानक मोठ्याने वाचावयास लावू नये. शक्य तेथे तोंडी किंवा प्रात्यक्षिक उत्तराचा पर्याय द्यावा. गोंगाटाच्या कार्यशाळेत बसण्याची जागा बदलू द्यावी. विज्ञानाच्या उत्तरातील ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापू नयेत. यांपैकी कशालाही खर्च नाही आणि यातून भाषेमुळे मागे पडलेल्या विद्यार्थ्याचाही तितकाच फायदा होतो. दोन्ही कारणे एकाच विद्यार्थ्यात असू शकतात, हेही विसरू नये.

संबोधनाबाबत एकच नियम सर्वांना लागू होत नाही. अनेक स्वमग्न प्रौढ स्वतःला 'स्वमग्न व्यक्ती' म्हणवणे पसंत करतात. काही कुटुंबांना 'स्वमग्नता असलेली व्यक्ती' हे बरे वाटते. ज्याच्याविषयी बोलायचे त्यालाच विचारणे हा यावरचा उपाय होय.

७. संकल्पनेच्या मर्यादा

मेंदू-वैविध्याच्या विचारावर आक्षेपही घेतले गेले आहेत. ज्यांना बोलता येत नाही, ज्यांना आयुष्यभर चोवीस तास आधाराची गरज आहे, अशा मुलांचे पालक विचारतात की, याला केवळ 'वेगळेपण' म्हणून कसे चालेल? हा आक्षेप गांभीर्याने घेतला पाहिजे. वेगळेपण मान्य करणे म्हणजे उपचार, प्रशिक्षण किंवा आर्थिक साहाय्य नाकारणे नव्हे. कायद्याने मिळणारे लाभ अक्षमता या नावानेच मिळतात; म्हणून 'अक्षमता' हा शब्द टाकून देणेही परवडणारे नाही. वैविध्याची संज्ञा विद्यार्थ्याकडे पाहण्याची दृष्टी देते आणि अक्षमतेची संज्ञा त्याला हक्क देते. शिक्षकाला दोन्ही लागतात.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, स्वमग्नता, एडीएचडी, डिस्लेक्सिया, बौद्धिक अक्षमता या संज्ञा परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत आणि यांपैकी कोणतीही संज्ञा घरच्या भाषेमुळे होणाऱ्या चुकांना लावता येत नाही. एकभाषिक वर्गात हा भेद उपयुक्त असतो. पांढुर्णा-सौंसरसारख्या द्विभाषिक भागात तो अनिवार्य ठरतो. नागपूर, अमरावती, बेळगाव किंवा गोवा येथील मिश्रभाषिक वर्गांनाही हीच बाब लागू होते. शाळेत ज्याची पारख झाली नाही अशा विद्यार्थ्याला प्रमाणपत्र, जादा वेळ आणि लेखनिक मिळवून देण्याची संधी बऱ्याचदा कम्युनिटी कॉलेजच्याच हाती असते. त्यानंतर तो नोकरीच्या परीक्षेला बसतो आणि तेथे त्याच्या वह्या पाहणारे कोणी नसते. म्हणून पहिल्या सत्रातील पहिल्या लेखी चाचणीनंतर प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील मागे पडलेल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका या दृष्टीने एकदा स्वतंत्रपणे तपासाव्यात, एवढी शिफारस येथे करता येईल.